कार्ब्युरेटर बदलण्याआधी

जुनी जावा, येझदी किंवा बुलेट दहा-बारा किका मारूनही सुरू होईना, सुरू झाली तरी वळणावर बंद पडू लागली, चढाला दम टाकू लागली, की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला एकच मिळतो: कार्ब्युरेटर गेला, नवा टाका. गुंजी, लोंढा, खानापूर या पट्ट्यात तो चटकन पटतोही. सुट्या भागासाठी बेळगाव गाठायचेच आहे, तर अख्खा कार्ब्युरेटरच आणावा, असे कुणालाही वाटेल. पण कार्ब्युरेटर हे शेवटी एक माप आहे. हवेच्या प्रत्येक घोटाबरोबर किती पेट्रोल द्यायचे, एवढेच त्याचे काम. हिशेब चुकला तर माप खोटे असेल, तसाच मालही बदललेला असेल, किंवा घेणाऱ्याचीच भूक बिघडली असेल. म्हणून चार प्रश्न याच क्रमाने विचारावेत: इंजिन धड आहे का, पेट्रोल पूर्वीचेच आहे का, गाडी कुठल्या हवेत चालते, आणि माप झिजले आहे का. पहिल्या तिन्हींची उत्तरे न घेता नवे माप आणले, तर तेही तितकेच चुकते, फक्त पैसे देऊन.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांची कार्ब्युरेटरची घराणी मोजकीच आहेत. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने गाड्या काढल्या. हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. जावाची ओळख जिकोव्ह कार्ब्युरेटरशी जोडलेली आहे. १९५५ मध्ये मद्रासला उभ्या राहिलेल्या एनफिल्ड इंडियाच्या सुरुवातीच्या बुलेटवर आमल असे, पुढे ३५० सीसीच्या बुलेटवर २४ मिमीचा मिकार्ब आला. १९८३ ची राजदूत ३५० आणि १९८५ ची आरएक्स १०० यांच्यावर जपानी मिकुनीच्या घडणीचे कार्ब्युरेटर होते. नावे वेगळी असली तरी रचना एकच: ॲक्सिलरेटर पिळला की वायरने स्लाइड वर येते, स्लाइडला लटकलेली निमुळती नीडल तिच्या जेटमधून, म्हणजे मापाच्या भोकातून, बाहेर सरकते आणि पेट्रोलची वाट रुंदावते. बंद ॲक्सिलरेटरपासून साधारण अष्टमांशापर्यंत पायलट जेट आणि बाजूचा स्क्रू यांचे राज्य असते. तिथून चतुर्थांशापर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेचा काप, चतुर्थांश ते पाऊण नीडल आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. तक्रार ॲक्सिलरेटरच्या कोणत्या भागात येते हे कळले, की निम्मे निदान झाले. पकडीवर आणि तिच्या शेजारच्या घरावर चिकटपट्टीच्या खुणा करून घ्या, म्हणजे 'मधेच अडकते' या मोघम तक्रारीला आकडा मिळतो.

आता पहिला प्रश्न, इंजिनचा. ठिणगी उशिरा पडली तर गाडी दम टाकते, तशीच ती पेट्रोल कमी पडल्यानेही टाकते. कॉम्प्रेशन गेले तर किक बसत नाही, तशीच ती पायलट जेट तुंबल्यानेही बसत नाही. लक्षणे सारखी, कारणे वेगळी. म्हणून कार्ब्युरेटरच्या नटाला पाना लावण्याआधी प्लग नवा टाका, पॉइंट घासून त्यांची फट पुस्तिकेप्रमाणे, साधारण ०.४ मिमीच्या आसपास लावा आणि टायमिंग तपासा. बुलेटचे टॅपेट पाहा. टू-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर उघडून आतली काजळी काढा, कारण धूर बाहेर पडला नाही तर ताजी हवा आत येणार कुठून? मग एअर फिल्टर, आणि शेवटी सर्वांत फसवी जागा: कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड. तिथून चोरवाटेने शिरणारी हवा कोणत्याच मापात धरलेली नसते. इंजिन चालू ठेवून जोडावर बारीक फवाऱ्याने साधे पाणी मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. या तपासणीला पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका, तापलेल्या इंजिनवर तो जिवाशी खेळ आहे. नट वर्षानुवर्षे जोर लावून आवळले की मिकार्बची जोडाकडची पट्टी (फ्लँज) वाकते. काचेच्या सपाट तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून ती हलक्या हाताने घासली आणि गॅस्केट नवे लावले, की अनेक 'गेलेले' कार्ब्युरेटर परत कामाला लागतात. टू-स्ट्रोकमध्ये जोड घट्ट असूनही इंजिन आपोआप भरकटत असेल, तर क्रँकच्या सीलवर संशय घ्यावा; तो रोग कुठल्याही जेटने बरा होत नाही.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा, आणि गेल्या काही वर्षांत तोच सर्वांत महत्त्वाचा झाला आहे. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० सालीच बंद झाले. २०२३ पासून इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांकडे गेले आणि आता पंपावर बहुधा तेच मिळते. बेळगाव जिल्हा उसाचा, त्यामुळे इथेनॉल आपल्याला परके नाही. पण जुन्या गाडीच्या जेटला ते परके आहे. निव्वळ पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर हा आकडा साधारण १३.५ वर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आता सुमारे ८ टक्के जास्त इंधन हवे, आणि जेट मात्र जुन्याच हिशेबाने देतो. मिस्त्रींच्या भाषेत गाडी लीन चालते: पिकअप अडखळतो, बंद ॲक्सिलरेटरवर सायलेन्सरमध्ये फटफट होते, प्लग पांढरा पडतो, इंजिन तापते. ही सगळी लक्षणे 'कार्ब्युरेटर गेला' या निकालाकडे बोट दाखवतात, पण तो गेलेला नसून फक्त जुन्या मालासाठी कापलेला असतो. उपाय थोडा मोठा मेन जेट, आणि गरज पडल्यास नीडलची क्लिप एक खाच खाली, म्हणजे नीडल वर येते. जेटवरच्या आकड्याचा अर्थ मात्र आधी समजून घ्या. काही कंपन्या भोकाचा व्यास लिहितात, काही त्यातून मिनिटाला वाहणारे प्रमाण. आकडा प्रवाहाचा असेल तर ९० च्या जागी ९७ च्या आसपास जावे लागेल. व्यासाचा असेल तर क्षेत्रफळ वर्गाने वाढते, म्हणून ९० ला ९३ किंवा ९४ पुरतो. हा फरक न कळता एका घराण्याचा आकडा दुसऱ्याला लावणे म्हणजे शेराच्या हिशेबात किलोचे वजन टाकणे.

इथेनॉलची दुसरी खोड पाण्याची. ते हवेतला ओलावा ओढते, आणि खानापूर तालुक्यातल्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नसतो. महिनाभर उभ्या गाडीच्या फ्लोट बाऊलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत, पाणी तळाशी बसते, जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरते, जुने रबरी वॉशर फुगतात आणि तोटीचे बूच गळू लागते. म्हणून गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर तोटी बंद करून बाऊल रिकामा करावा, आणि टाकी अर्धी ठेवण्याऐवजी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. पेट्रोलच्या नळ्या आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत. हा खर्च नव्या कार्ब्युरेटरच्या मानाने किरकोळ आहे, पण आधी करण्याचा आहे.

तिसरा प्रश्न हवेचा, आणि तो या भागात खासच आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. तिथून खानापूर, रामनगरवरून अनमोड घाट उतरले, किंवा जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरले, की काही तासांत गाडी जवळजवळ समुद्रपातळीला येते. या उतारात हवा सुमारे सात-आठ टक्के घट्ट होते. कार्ब्युरेटर आपोआप थोडे जास्त पेट्रोल ओढतो, पण पुरेसे नाही, त्यामुळे मिश्रण अंदाजे चार टक्के लीन होते. एरवी चार टक्के कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. पण वर इथेनॉलचे आठ टक्के धरले, तर दोन्ही चुका एकाच दिशेच्या आहेत. बेळगावात जुन्या पेट्रोलवर नेमकी लावलेली गाडी आजचे पेट्रोल भरून पणजीच्या सपाट रस्त्यावर भरधाव सोडली, तर ती बारा टक्के उपाशी पळते, आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन अशाच वेळी धरतो. म्हणून घाटाखाली नेहमी जाणे असेल, तर मेन जेट वरच्या हवेत किंचित रिच, म्हणजे पेट्रोल जास्त देणारा, वाटेल असाच ठेवावा. पेट्रोलमध्येच तेल मिसळणाऱ्या गाड्यांनी आणखी एक गोष्ट पाळावी: लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून गिअरमध्ये गाडी सोडली, तर पेट्रोलबरोबर तेलही बंद होते. अधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलरेटर हलकेच पिळावा. आणि 'तेल जास्त टाकले की इंजिन सुरक्षित' हा समजही तपासून घ्यावा. तेवढ्याच भोकातून तेल जास्त गेले, तर पेट्रोल कमी जाते. जास्त तेलाने गाडी आणखी लीन होते.

तीन प्रश्न संपले आणि तक्रार उरलीच, तर चौथा: माप झिजले का? हे हाताने आणि डोळ्याने कळते. स्लाइड घरात ठेवून हलवा. खडखडत असेल आणि कडेला चकाकती रेघ दिसत असेल, तर तिच्या बाजूने हवा शिरते आणि आयडलिंग कधीच स्थिर राहणार नाही. नीडल बोटाच्या नखावरून फिरवा. एका जागी खाच जाणवली, तर नीडल आणि तिचा जेट दोन्ही जोडीनेच बदलावेत, कारण झीज दोघांची असते. पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहा, आत पेट्रोल खुळखुळते का. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, भोक असेल तिथून बुडबुडे येतील. जेट साफ करताना तार वापरू नका. ०.४० मिमीचे भोक तारेने ०.४२ झाले, तर डोळ्याला काही दिसणार नाही, पण क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढलेले असेल. साफ करणारा द्राव, दाबाची हवा आणि फार तर नायलॉनचा केस, एवढेच साहित्य पुरे. झीज फक्त स्लाइडच्या घराची असेल, तर तिथेही लगेच हार मानू नये. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्री आणि लेथची मोठी परंपरा आहे. घर किंचित बोअर करून त्यात स्लीव्ह बसवणे किंवा स्लाइडच जाड करून घेणे हे चांगल्या टर्नरच्या आवाक्यातले काम आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: 'एवढा व्याप कशाला? शेजारच्याने नवा कार्ब्युरेटर टाकला आणि गाडी पहिल्या किकेला सुरू झाली.' होत असेलही. पण ती नव्या कार्ब्युरेटरमुळे झाली, की नवा बसवताना जोडाचे गॅस्केट बदलले, जेट स्वच्छ आले आणि टाकीतला गाळ काढला म्हणून झाली? खरी तुलना तुंबलेल्या जुन्याची आणि कोऱ्याची नसते, नीट साफ केलेल्या जुन्याची आणि कोऱ्याची असते. शिवाय बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नकलांमध्ये जेटवर कोरलेला आकडा आणि भोक यांचा मेळ बसेलच असे नाही. स्लाइडचा काप आणि नीडलचा निमुळतेपणा तर कुणी मोजतच नाही. जुन्या, थोड्या झिजलेल्या पण मूळ मापाची चूक निदान ठाऊक असते. नव्या नकलेची चूक तुम्हाला शोधावी लागते.

दुसरा आक्षेप अपग्रेडचा: 'मोठा कार्ब्युरेटर, जास्त ताकद.' इथे हिशेब स्पष्ट बोलतो. २४ मिमीच्या जागी २८ मिमीचा लावला तर व्यास १७ टक्क्यांनी वाढतो, पण वाट ३६ टक्क्यांनी रुंदावते. इंजिन तेच, तेवढीच हवा ओढणारे. म्हणजे रुंद वाटेत हवा संथ होते. पेट्रोल वर ओढणारा दाबातला फरक हवेच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो, त्यामुळे तो जवळजवळ निम्म्यावर येतो. परिणाम असा की भरधाव वेगात थोडा फायदा मिळतो आणि गावातल्या वेगाला, चढावर, ओझे घेऊन, गाडी आधीपेक्षा मंद होते. ३५० सीसीच्या बुलेटचे काम तर बहुतेक याच खालच्या वेगात असते. मोठा कार्ब्युरेटर तेव्हाच योग्य, जेव्हा इंजिनचे पोर्ट, व्हॉल्व, सायलेन्सर आणि कॉम्प्रेशन हेही त्याच दिशेने बदललेले आहे. नाहीतर अपग्रेडचा खरा अर्थ वेगळा आहे: त्याच मापाचा, चांगल्या घडणीचा, सुटे जेट सहज मिळणारा कार्ब्युरेटर. जिकोव्हच्या घराला स्लीव्हही बसवता येणार नाही इतकी झीज झाली असेल, तर त्याच व्यासाचा मिकुनी घडणीचा कार्ब्युरेटर बसवणे शहाणपणाचे आहे, कारण त्याचे जेट एकेक आकड्याने बदलून पाहता येतात. पण असा बदल करणाऱ्याने मूळ कार्ब्युरेटर तेल लावून जपून ठेवावा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला विंटेज नोंदणी मिळू शकते, आणि तिथे गाडी मूळ रूपात असणे ही अट आहे. आज भंगारात दिलेले जिकोव्ह उद्या सोन्याच्या भावाने शोधत फिरावे लागू शकते.

तिसरा आक्षेप अनुभवी मिस्त्रींच्या बाजूचा: 'मिस्त्री कानाने लावतो, आकडे कशाला?' कान मोलाचाच आहे, पण कान उभ्या गाडीचे आयडलिंग ऐकतो. मेन जेट खरा कळतो तो पाऊण ॲक्सिलरेटरवर, ओझे घेऊन चढताना, आणि तिथे मिस्त्रीचा कान नसतो, प्लग असतो. म्हणून साक्ष प्लगची घ्यावी, तीही रस्त्यावरून चालत येऊन थंडावलेल्या प्लगची नव्हे. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ज्या टप्प्याची परीक्षा आहे तो ॲक्सिलरेटर मिनिटभर स्थिर ठेवा, मग एकदम इग्निशन बंद करून क्लच दाबा, गाडी कडेला आणा आणि प्लग काढा. पोर्सेलिन फिक्या चहाच्या रंगाचे असावे. आजच्या पेट्रोलने रंग पूर्वीपेक्षा फिका येतो, म्हणून तळाशी आत पाहावे. आयडलिंगसाठी आणखी एक साक्षीदार आपण पैसे देऊन दर वेळी वाया घालवतो: पीयूसीचे यंत्र. २००० सालापूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के आहे. फोर-स्ट्रोक बुलेटचा आकडा मर्यादेला खेटलेला असेल तर आयडलिंग रिच आहे, शून्याच्या जवळ असूनही गाडी थरथरत असेल तर लीन. पावतीवरचा आकडा मिस्त्रीला दाखवा; कान आणि आकडा मिळून जे सांगतील ते एकट्या कानापेक्षा खरे असते.

मग लावण्याचा क्रम कोणता? इंजिन पूर्ण तापवून स्क्रू साधारण दीड ते दोन फेरे उघडा ठेवून कामचलाऊ आयडलिंग मिळवा. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, उघडला की लीन; इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, उघडला की रिच. ही दिशा उलटी समजल्याने असंख्य गाड्या बिघडवल्या जातात. त्यानंतर मेन जेट ठरवा, मग नीडल, आणि अगदी शेवटी पुन्हा पायलट व स्क्रू. बरेच जण उलट क्रमाने जातात, पण नीडलला मिळणारे पेट्रोल मेन जेटमधूनच येते. वरचा टप्पा बदलला की खालचे पुन्हा हलते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती वहीत लिहा: तारीख, जेट, क्लिपची खाच, स्क्रूचे फेरे, प्लगचा रंग. राजदूत ३५० सारख्या दोन कार्ब्युरेटरच्या गाडीत आधी दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात हे बोट लावून पाहा. ते जमल्याशिवाय जेटला हात लावू नका.

चारही प्रश्नांची उत्तरे या वहीत जमा होत जातात. मिस्त्री बदलला, गाडी मुलाकडे गेली, पंपावरचे मिश्रण पुढे आणखी बदलले, तरी कोणत्या पेट्रोलवर आणि कोणत्या हवेत कोणता जेट चालला हे तिथे लिहिलेले राहील. पुढच्या पावसाळ्यानंतर गाडी सुरू झाली नाही, तर आधी बाऊल उघडून तळाचे पाणी काढा, मग वहीचे शेवटचे पान पाहा. नवा कार्ब्युरेटर घ्यायला बेळगावला जायचे का, हे ठरवण्याची वेळ त्यानंतर येते.